विलासदाजींचं मरगळलेलं मशीन

विलासदाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. फोन भाच्याचा, सागरचा. "मामा, पप्पा गेले… सकाळी चहा घेतला, कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले अन् मान टाकली." यावर माणसानं काय बोलावं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, निदान मी शिकवतो त्या इतिहासाच्या पुस्तकात तरी नाही. मी म्हणालो, "बरं. डबा खाऊन निघतो." आणि खरंच खाल्ला. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत बसलो, पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडली, तेव्हा आठवायला लागलो की आज भाजी कसली होती. आठवेना. शेजारचा माणूस माझ्या हाताकडं टक लावून बघत होता. मी पाहिलं तर डब्याचं झाकण माझ्या हातात होतं आणि पिशवी स्टाफरूममध्येच राहिली होती. त्या दिवसापासून माझं जे काही गोंधळलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, तेव्हा हा लेखही थोडा तसाच होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. इंदापूर तालुक्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या पुष्कळांना मंगलाष्टकांच्या गलक्यातला एक आवाज आठवत असेल : "नवरदेव, वर बघा… नवरी, हसू नका, पण रडूबी नका!" तो आवाज दाजींचा. लग्नाचं शूटिंग हा त्यांचा धंदा. कॅसेटच्या काळापासून ते पेनड्राइव्हच्या काळापर्यंत त्यांनी माणसं बोहल्यावर चढताना टिपली आणि घरी आणून कापली, जोडली, त्यांच्यावर गाणी चढवली, आभाळातून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. माझ्या लग्नात तर त्यांनी मला आणि बायकोला एका फिरत्या बदामात घातलं होतं. आम्ही अजून तो बदाम शोधून बघतो आणि हसतो.

या कापाकापीसाठी लागणारा कॉम्प्युटर दाजींनी विकतचा, तयार असा कधी घेतला नाही. "पावणं, रेडीमेड मशीन घेणारा मानूस म्हंजी हॉटेलातली पुरनपोळी खानारा," असं ते मला म्हणायचे. शेवटचं मशीनही त्यांनी स्वतःच जोडलं. त्याचे भाग त्यांनी पुण्यातल्या दुकानांतून एकेक करून आणले, आणि आणताना ते एसटीत मांडीवर घेऊन बसले, नव्या सुनेचं रुखवत आणल्यासारखे. जोडणी दसऱ्याला. घराच्या मागच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या भाषेत स्टुडिओत, सतरंजीवर सगळे भाग मांडलेले आणि मदतीला मी. माझं काम बॅटरी धरायचं. बॅटरी धरतानाही मी भलतीकडंच उजेड पाडायचो. "तितं न्हाय ओ मास्तर, हितं! हितं!" प्रोसेसर बसवताना त्यांनी श्वास रोखला होता, मीही रोखला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "ह्यात आठ जण हायेत बगा. उसाच्या टोळीत कसं आपण कोयते मोजतो, तसं हे आठ कोयते. एका फडात आठी उतरले की दुपारपतूर फड मोकळा." ऊसतोडीला आलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं आयुष्यात प्रथमच मला कॉम्प्युटरमधलं काहीतरी कळलं, आणि तेवढंच कळलं. अक्कानं मशीनला हळद-कुंकू लावलं, आपट्याची पानं ठेवली आणि विचारलं, "आता ह्याचं झाकण लावा की." दाजींनी कधीच लावलं नाही. त्यांना आतलं फिरताना दिसायला हवं असायचं.

झाकण नसल्यामुळं त्या मशीनचा आवाज काय वर्णावा… दाजींनी एखादं लग्न जुळवायला, म्हणजे कापलेले तुकडे जोडून त्याचा एक व्हिडिओ करायला लावलं की आतले पंखे असे घोंगावायचे की शेजारच्या घरातून लोक विचारायचे, "दळण आज चालू हाय का?" अक्काला ते ऐकून ऐकून सवय झाली होती. फोनवर बोलताना ती मध्येच म्हणायची, "थांब, ह्यांची गिरन सुरू झाली, मी वसरीत येते." पण मशीन पळायचं मात्र खरं. सकाळी लावलेलं लग्न दुपारच्या जेवणाला तयार.

मागच्या उन्हाळ्यानंतर मात्र दाजींचे फोन वेगळे यायला लागले. "पावणं, मशीन मरगळलंय." म्हणजे काय? म्हणजे चालू व्हायलाच चहा होऊन थंड होईस्तोवर वेळ, आणि एक लग्न जुळवायला टाकलं तर दिवस मावळला तरी नवरदेव वेशीतच. एका गिऱ्हाइकाची तर अशी पंचाईत झाली की लग्नाचा व्हिडिओ हातात पडायच्या आधी त्याच्या मुलीला बाळ झालं. तो गृहस्थ सज्जन, म्हणाला, "विलासराव, मग बारशाचंबी त्यातच धरा, एकदमच द्या." दाजींना ते फार लागलं. त्यांनी काय काय केलं! मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. हवेच्या पंपानं धूळ काढली, ती सगळी अक्काच्या वाळवणावर. मशीन चालू होतानाच एक बटण दाबलं की काळी-निळी पानं उघडतात, ज्यात मशीननं उठायचं कसं, आधी कुणाला हाक मारायची, किती जोरात पळायचं हे ठरतं. त्या पानांत शिरून त्यांनी इकडचं तिकडं केलं, पुन्हा तिकडचं इकडं केलं. सगळे म्हणायचे, फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून नव्यानं भरा. दाजी तयार नसायचे. "आत लोकांची लग्नं हायेत," म्हणायचे, जणू वऱ्हाडी आत जेवायला बसलेत आणि हे मांडव उतरवायला सांगतायत. मला का फोन करायचे देव जाणे. मी आपला प्रत्येक वेळी एकच विचारायचो, "दाजी, वायर नीट बसलीय का?" आणि दाजीही गंभीरपणे वाकून बघायचे. "बसलीय."

त्याच खुर्चीत ते गेले. समोर पडद्यावर ते गोल गोल फिरणारे ठिपके चालू होते म्हणे. मशीन अजून उठत होतं.

दहावा नरसिंहपूरला संगमावर केला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेला स्पष्ट दिसतोय, खाली मात्र येत नाही. मग आपल्याकडं जे चालतं ते चालू झालं, गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा. दाजींचे चुलते तात्या पुढं झाले. "विलास, सागरचं आमी बघतो बाबा." कावळा ढिम्म. "सूनबाईला कुनी अंतर देनार न्हाय." कावळ्यानं मान दुसरीकडं फिरवली. "आरं मग काय राह्यलंय तुझं?" तात्यांचा आवाज चिडका व्हायला लागला, कारण ऊन चढलं होतं आणि ते उपाशी होते. बोअर, बांधावरची आंब्याची झाडं, राहून गेलेली तुळजापूरची वारी, सगळं कबूल करून झालं. अक्का पदर तोंडाला लावून त्या झाडाकडं बघत होती आणि तिच्याकडं मला बघवेना. मी पुढं होऊन, का कोण जाणे, ओरडलो, "दाजी, तुमचं मशीन मी नीट करतो! पहिल्यासारखं पळवून दाखवतो!"

कावळा उतरला.

खरं सांगायचं तर त्याच वेळी आम्ही सगळे सावलीला सरकलो होतो, आणि कावळ्याला मोकळी जागा मिळाली असणार. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. बायका रडायला लागल्या. तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, आता सुटका न्हाय तुमची." ज्या माणसाला घरच्या टीव्हीचा आवाज कमी करायला बायकोला हाक मारावी लागते, त्यानं नदीकाठी चाळीस माणसांसमोर हा शब्द दिला होता.

थट्टेवारी नेता आलं असतं, पण अक्कानं नेऊ दिलं नाही. सागर बारामतीला कंपनीत कामाला, राहायला जळोचीत. आईनं आता आपल्याकडं यावं, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, घरात एकटी, अंगणातल्या नळापर्यंतसुद्धा भिंत धरून धरून जाते. तर अक्का म्हणाली, "त्यांचा जीव त्या पेटीत अडकलाय. बाळूनं शब्द दिलाय, कावळा शिवलाय. ते सुरळीत झाल्याबिगर मी हितनं हलनार न्हाय." बाळू म्हणजे मी. पन्नाशी ओलांडली तरी अक्काकडं मी बाळूच. सागर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुमी कशाला बोलला ओ? भंगारात घालून नवं आनलं असतं." मी म्हणालो, "कावळ्यानं ऐकलं असतं का?" मी चेष्टेनं बोललो की खरंच विचारलं, हे मलाही ठरवता येईना.

मग दर रविवारी मी इंदापूरला. आधी बारामतीच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवून आणलं. तो म्हणाला, फॉरमॅट. अक्का म्हणाली, "आत लोकांची लग्नं हायेत." मशीन परत. मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात मुलं इतक्या भरभर हिंदी बोलतात की 'पाच मिनिटांत आपला पीसी रॉकेट बनवा' हे बघायला मला सगळी दुपार लागायची. तरी धीर करून मीही त्या काळ्या-निळ्या पानांत शिरलो. तिथं मशीननं उठताना आधी कुणाकडं बघायचं याचा क्रम असतो. मी तो बदलला. कशाला, ते विचारू नका. पुन्हा चालू केलं तर पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ, मथितार्थ असा की उठायचं तर कुणाच्या भरवशावर, इथं कुणीच नाही. अक्का म्हणाली, "काय लिव्हलंय?" मी म्हणालो, "दमलंय म्हणतंय." शेवटी त्याच पानांत 'मुळासारखं करा' अशा अर्थाचं एक कलम सापडलं, ते दाबलं, आणि ठिपके पुन्हा गोल फिरायला लागले. ते हळू फिरणारे ठिपके बघून झाला एवढा आनंद मला याआधी कधी झाला नव्हता.

पुढच्या रविवारी अक्का स्टुडिओतल्या कॉटवर बसून घेवडा निवडत होती. मी एक लग्न जुळवायला लावलं आणि व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मशीन कामाला किती लागलंय ते दाखवणारी खिडकी उघडली. तिथं एक रेघ पार वर जाऊन चिकटलेली, म्हणजे जीव तोडून काम चाललंय. आणि खाली कोपऱ्यात, काम करणारे किती, तर एक. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एक. "अक्का, कोयते आठ होते ना?" "कसले कोयते?" "ह्याच्यातले. दाजींनी दसऱ्याला सांगितलेले." "व्हय, आठ. सगळ्यांना सांगत सुटले हुते." म्हणजे आठातला एकच कोयता फडात आणि बाकी सात बांधावर पाय सोडून बसलेले. त्यांना बसवलं कुणी? पुन्हा व्हिडिओ, पुन्हा ती भरभर हिंदी. शोधत शोधत एका खिडकीत पोचलो. मशीन उठताना काय काय नियम पाळायचे, ते तिथं असतात. त्यात एक चौकोन, 'प्रोसेसरची संख्या'. त्यावर टिक केलेली, आणि समोर आकडा एक. कुणीतरी माणसानं हातानं निवडल्याशिवाय तो तिथं येत नाही, एवढं व्हिडिओतला मुलगाही म्हणाला.

मी टिक काढली. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं, आणि मी 'आता चहा ठेव' असं म्हणेपर्यंत उघडलंसुद्धा. तेच लग्न पुन्हा जुळवायला लावलं आणि खोलीत पंखे असे घोंगावायला लागले की कोपऱ्यातलं कॅलेंडर हललं. "अक्का! गिरण!" मी ओरडलो. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्येसुद्धा नाचलो नव्हतो, त्या दिवशी थोडा नाचलो.

अक्काच्या हातातली शेंग तशीच होती. ती म्हणाली, "हा आवाज… हा उन्हाळ्यात बंद झाला हुता." मी नाचायचा थांबलो. "ऑपरेशन झाल्यावर मला हितं आनून ठिवलं की त्यांनी. कूलर हितंच. दुपारचं डोळा लागंना, मी म्हनले, अवो, हे डोक्यात दळतंय माज्या. दुसऱ्या दिवशी आवाजच न्हाय. म्हनले, बंद केलंत व्हय, धंद्याचं काय? तर म्हनले, बंद कशाला, चालूच हाय, जरा हळू चालवतोय. तू झोप."

आम्ही दोघं त्या घोंगावणाऱ्या पेटीकडं बघत बसलो. काम एकाच कोयत्यावर टाकलं की मशीन तापत नाही, तापलं नाही की पंखे ओरडत नाहीत, हे मला तेव्हा हळूहळू उमगत होतं. अक्काला माझ्या आधी उमगलं. आणि मग तिनं जे विचारलं ते मी टाळत होतो. "मग पुढं मलाच म्हनायचे की मशीन मरगळलंय. दिसभर ह्याच्यात डोकं घालून बसायचे. म्हंजी… विसरले व्हय रं बाळू? कुनासाठी हळू केलं ते विसरले?"

मी म्हणालो, "नाही गं. तुला पुन्हा त्रास नको म्हणून तसंच ठेवलं असेल."

हे मी म्हणालो खरं. पण मग मेमरी कशाला बदलली? मला फोन कशाला केले? बारशाच्या गृहस्थापुढं मान का खाली घातली? एखादे वेळी वाटतं, दाजी विसरलेच होते. त्या महिन्यांत ते चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायचे, आमच्या घरी येताना बारामतीत दोनदा चुकले होते, आणि आम्ही म्हणायचो, रस्ते बदललेत. स्वतःच प्रेमानं घातलेली खीळ ते पुढचे कित्येक महिने खोड म्हणून शोधत राहिले, हे मनात आलं की मला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी वाटतं, छे, दाजी पक्के होते. अक्का अजून दुपारी त्याच कॉटवर पडायची. आवाज परत आणायचा नाही, पण 'तुझ्यामुळं धंदा बसला' असंही तिला वाटू द्यायचं नाही, म्हणून सगळ्यांदेखत मशीनला नावं ठेवायची. बायकोपेक्षा यंत्र बदनाम झालेलं बरं… इतिहास शिकवणाऱ्याला पुरावा लागतो. माझ्यापाशी पुरावा म्हणून एक टिक होती, आणि तीही मीच काढून टाकलेली.

अक्का शब्दाला जागली, जळोचीला आली. बरोबर एक ट्रंक, तुळशीची कुंडी आणि ते मशीन. राहिलेली लग्नं सागरनं सुट्टीच्या दिवशी भराभर जुळवून ज्याची त्याला पोचवली. बारशाच्या गृहस्थाचा व्हिडिओ निघाला तेव्हा त्यात नातवाला घातलं नव्हतं, पण तो म्हणाला, "राहू द्या, विलासरावांनी केलंय तेवढंच बास." सगळं मार्गी लागलं असं म्हणून मी रविवारी घरी पेपर तपासायला लागलो.

परवा सागरचा फोन. "मामा, परत स्लो झालंय ओ. आईच्या खोलीत असतंय, मी हात लावत न्हाय. बघा की एकदा." गेलो. आता माझा त्या खात्यात थोडा दरारा आहे. ती नियमांची खिडकी उघडली. चौकोनावर टिक. समोर आकडा एक. मी मागं वळून बघितलं. अक्का दारात चहाचे कप घेऊन उभी, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "साखर कमी टाकलीय रं तुला." इंदापूरच्या त्या रविवारी ती घेवडा निवडत होती असं मी समजत होतो. ती माझे हात बघत होती.

सागर म्हणाला, "सापडलं का काय?" मी खिडकी मिटली. म्हणालो, "काही कळत नाही बाबा. वय झालं त्याचं, आता असंच चालायचं." या वाक्यात मला नेमकं काय कळत होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. विसरलेल्या नवऱ्याच्या वतीनं ती आता लक्षात ठेवत होती, की मी तिला दिलेलं उत्तर तिनं खरं धरलं होतं? विचारायचं धाडस झालं नाही.

सागर कामाला गेला. जेवणं झाली. अक्कानं जाऊन मशीनचं बटण दाबलं आणि समोरच्या कॉटवर पडली. तिला त्यात काही बघायचं नसतं, ती दुपारची नुसतं चालू करते. मी चहाचा दुसरा कप घेऊन खुर्चीत बसलो. पडद्यावर ठिपके गोल फिरत होते, पेटीतून अगदी बारीक आवाज येत होता, खोलीत कुणीतरी पाठमोरं बसून आपलं काम करतंय आणि झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून जपतंय, एवढाच. मशीन पुरतं उघडायच्या आधीच अक्काला झोप लागली होती.